सोडिअमने इलेक्ट्रॉन दिला कशासाठी? आयन आणि बंध प्रकल्पाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

प्रदर्शनाचा विषय ठरला: अणूंचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, कसे होतात आणि अणू एकमेकांना कसे बांधले जातात. मुलं तीन. खरी नावं इथे लिहीत नाही. एक चित्रकार, एक कारागीर आणि एक शंकासुर. चित्रकार आणि शंकासुर या मुली, कारागीर मुलगा; शंकासुर हे नाव तिने स्वतःच आनंदाने लावून घेतलंय. प्रदर्शन १२ डिसेंबरला, म्हणजे हातात जेमतेम साडेपाच आठवडे.

चित्रकाराने पहिला तक्ता घरूनच रंगवून आणला होता. डावीकडे सोडिअमचा अणू, इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १. उजवीकडे क्लोरीन, २, ८, ७. दोघांना डोळे, तोंड, हात. सोडिअम हसत हसत आपला शेवटचा इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या ओंजळीत ठेवतोय. खाली ठळक अक्षरांत: ‘सोडिअमला स्थिर व्हायचे असते म्हणून तो इलेक्ट्रॉन देतो.’ हसरे चेहरे सोडले तर मीही इतकी वर्षं फळ्यावर हेच लिहीत आले.

शंकासुराने विचारलं, “बाई, पण सोडिअमला कळतं कसं, की आपल्याला बाहेरच्या कवचात आठ हवेत?”

तास संपत आला होता. “उद्या बघू,” म्हणून मी वेळ मारून नेली.

५ नोव्हेंबर

काल रात्री आकडे काढून बसले. सोडिअमच्या अणूपासून त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन तोडायला मोलमागे (म्हणजे ठरावीक, प्रचंड संख्येच्या अणूंमागे) ४९६ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते. इलेक्ट्रॉन ऋण, केंद्रक धन. तो सुखासुखी सुटणार कसा? आणि क्लोरीनला तो इलेक्ट्रॉन मिळाला की बाहेर पडतात ३४९ किलोज्यूल. म्हणजे हा सगळा ‘आनंदाचा’ व्यवहार १४७ किलोज्यूल तोट्यात.

हे मुलांसमोर मांडलं. कारागीर म्हणाला, “मग सोडिअम-क्लोरीनचं मीठ बनतं कशाला?” तिथे मी मुद्दाम गप्प बसले. तक्त्यावरची ओळ आता कुणालाच पटेनाशी झाली होती, चित्रकाराला सुद्धा. तिने पेन्सिलीने सोडिअमच्या हसऱ्या तोंडाचं टोक खाली वळवलं.

ठरलं असं की प्रकल्पाचा मुख्य तक्ता हा जमाखर्चाचा असेल. इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेला हे दाखवायचंच, पण शेजारी त्याचं बिल कोणी भरलं हेही.

८ नोव्हेंबर

तपासणी यंत्र तयार. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ३३० ओहमचा रोध आणि शिसपेन्सिलची दोन शिसं. शिसं म्हणायचं, असतं ते ग्रॅफाइट आणि माती. दोन्ही टोकं पदार्थात बुडवायची. दिवा लागला तर वीज वाहून नेणारं काहीतरी आत आहे.

कोरडं मीठ: दिवा बंद. साखर: बंद. ऊर्ध्वपातित पाणी: बंद. नळाचं पाणी: अंधारात बघितलं तर मिणमिण. साखरेचं पाणी: बंद, कितीही साखर घाला. मिठाचं पाणी: झगझगीत.

इथवर पुस्तकातलंच. पण मिठाच्या पाण्यात शिसं दोन-तीन मिनिटं ठेवली तेव्हा ऋण टोकापाशी बारीक बुडबुड्यांची माळ उठली आणि धन टोकाकडून पोहण्याच्या तलावासारखा वास यायला लागला. क्लोरीन! लगेच जोडणी काढली, खिडक्या उघडल्या. प्रदर्शनात मिठाच्या पाण्यात टोकं क्षणभरच बुडवायची. जिथे जास्त वेळ वीज सोडायची तिथे सोडिअम सल्फेटचं द्रावण वापरायचं, म्हणजे बाहेर पडतील ते हायड्रोजन आणि ऑक्सिजन, तेही नगण्य.

जाता जाता शंकासुर: “मीठ पाण्यात सुटलं म्हणजे सोडिअम सुटा झाला. मग पाण्यात सोडिअम टाकल्यावर जो भडका उडतो, तो इथे का नाही?”

हा प्रश्न मला फार आवडला. भडका उडतो तो सोडिअमच्या अणूचा बाहेरचा इलेक्ट्रॉन पाण्याकडे जातो म्हणून. मिठातल्या सोडिअमपाशी तो इलेक्ट्रॉन उरलेलाच नाही. केंद्रकात प्रोटॉन तेच ११, पण इलेक्ट्रॉन १०, आणि तेवढ्या एका फरकाने सगळा स्वभावच पालटतो. अणू आणि आयन यांना एकाच नावाने हाक मारायची आपली सवय इथे नडते. यापुढे तिघांनी ‘सोडिअम’ म्हटलं की मी विचारणार: अणू की आयन?

१० नोव्हेंबर

मिठाच्या स्फटिकाचं प्रारूप करायला घेतलं. थर्माकोलचे गोळे, ३ × ३ × ३, म्हणजे २७. कारागिराने सोडिअमसाठी मोठे गोळे निवडले, क्लोरीनसाठी लहान. कारण त्याने पाहिलेल्या आकड्यांत सोडिअमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर आणि क्लोरीनची ९९. बरोबरच की. पण ते अणूचे आकडे. बाहेरचं कवचच गेलं की सोडिअम आयन आक्रसून १०२ वर येतो. क्लोरीनमध्ये एक इलेक्ट्रॉन वाढला की इलेक्ट्रॉनांचं आपसातलं ढकलणं वाढतं आणि तो १८१ पर्यंत फुगतो. रंगवलेले सगळे गोळे उलटे पडले. पुन्हा रंगवले. १०० पिकोमीटरला १ सेंटिमीटर धरून सोडिअम आयनाचा गोळा सुमारे २ सेंटिमीटर व्यासाचा, क्लोराइडचा, म्हणजे क्लोरीनच्या आयनाचा, ३.६.

मग चिकटवताना दुसरी फजिती. हाताशी आलेली गोंदाची ट्यूब द्रावकवाली निघाली आणि तीन गोळे डोळ्यांदेखत खड्डे पडून विरघळले. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, कार्बन-हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या. तशाच जातीच्या द्रावकात त्या एकमेकींपासून सुट्या होतात. बंध तुटत नाहीत, साखळ्या फक्त पांगतात. वाया गेलेले गोळे ठेवून दिले आहेत, सहसंयुज बंधाच्या (दोन अणूंत इलेक्ट्रॉन सामाईक असतात त्या) वेळी उपयोगी पडतील. बाकीचे गोळे लाकडी काड्या खोचून जोडले.

१४ नोव्हेंबर

प्रारूप पूर्ण. देखणं झालंय. पण शंकासुराने मधल्या गोळ्याच्या काड्या मोजल्या. सहा.

“सोडिअमची संयुजा एक आहे ना? मग हात सहा कसे?”

कारागीर वैतागला, कारण पुन्हा सगळं सोडवावं लागेल असं त्याला वाटलं. सोडवायचं काहीच नव्हतं. मिठात प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन असतात आणि प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड, हे खरंच तसं आहे. खोटी आहे ती काडी. काडी पाहिली की डोळ्यांना वाटतं, या दोघांचं लग्न लागलंय. विद्युतभाराचं आकर्षण असं एकाच दिशेला नसतं. दिव्याच्या उजेडासारखं ते चहूकडे असतं, आणि आसपास जो विरुद्ध भाराचा मिळेल तो खेचला जातो. सहाच का, तर त्या आकाराच्या गोळ्याभोवती तेवढे नीट बसतात म्हणून. संयुजा एक, याचा अर्थ इतकाच की एकूण हिशेबात एका सोडिअमला एक क्लोरीन.

हा गोंधळ मुलांचाच आहे असं नाही. विल्यम हेन्री ब्रॅग आणि लॉरेन्स ब्रॅग या बापलेकांनी क्ष-किरणांनी स्फटिकांच्या रचना उलगडल्या. मिठाची रचना १९१३ मधली, १९१५ मध्ये दोघांना नोबेल. मिठात सोडिअम-क्लोरीनचा सुटा रेणू असा नसतोच, बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी असते, हे मान्य करणं हेन्री आर्मस्ट्राँग या नामांकित रसायनशास्त्रज्ञाला १९२७ सालीही जड गेलं आणि त्याने ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून यावर टीकेची झोड उठवली. शंकासुराला हे सांगितल्यावर ती जरा मिरवतच घरी गेली.

काड्या राहू देणार आहोत, पण पाटी लागेल: ‘काड्या गोळे पडू नयेत म्हणून. मिठात काड्या नाहीत.’

१५ नोव्हेंबर

२७ गोळ्यांत क्लोराइड १४, सोडिअम १३. चित्रकाराच्या लक्षात आलं की एक ऋण भार जास्त उरतो. खऱ्या कणात हा फरक कुठे जातो? मिठाचा ०.३ मिलिमीटरचा दाणा घेतला तर त्याच्या एका कडेवरच १० लाखांहून जास्त आयन ओळीने बसतात. शेजारच्या दोन आयनांच्या केंद्रांत अंतर २८२ पिकोमीटर, भागाकार त्यांनीच केला. लांबी, रुंदी, उंची गुणून मग त्यात एखादा कमी-जास्त शोधत बसण्यात अर्थ नाही.

भिंगातून दाणे पाहिले. कडा झिजल्या असल्या तरी चौकोन ओळखू येतो. एका मोठ्या स्फटिकावर ब्लेडची धार ठेवून वरून हलका ठोका दिला: तो चपटा झाला नाही, वेडावाकडाही फुटला नाही, सरळ सपाट पृष्ठावर दुभंगला. थर जरासा सरकला की धनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण, आणि जे इतका वेळ धरून होतं तेच ढकलायला लागतं. तांब्याची तार मात्र ठोकली की चपटी होते. धातूत बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक, थर सरकला तरी त्यांना फरक पडत नाही.

१९ नोव्हेंबर

आज जमाखर्चाचा तक्ता. हा दिवस लक्षात राहील.

१४७ चा तोटा भरून कोण काढतं? दोन विरुद्ध भार जवळ येतात तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. एक धन आणि एक ऋण आयन घेतला तर मोलमागे ती किती, याचं सूत्र सोपं: १,३८,९३५ भागिले अंतर (पिकोमीटरमध्ये). मुलांनी आधी उलटं गणित केलं. १४७ फिटायला अंतर किती हवं? सुमारे ९४५ पिकोमीटर. म्हणजे दोन अणू यापेक्षा लांब असतील तर इलेक्ट्रॉन हलवणं घाट्याचंच. त्याहून जवळ आले तरच उडी परवडते. “म्हणजे आधी उधारी, मग जवळ आल्यावर फेड,” असं कारागीर म्हणाला. मी हे वाक्य तसंच तक्त्यावर घ्यायला सांगितलं.

२८२ पिकोमीटरवर एका जोडीचे होतात ४९३. पण स्फटिकात जोडी एकटी नसते. मग तिघांनी एका सरळ ओळीचा हिशेब मांडला: मधल्या आयनाला दोन्ही बाजूंचे शेजारी खेचतात, त्यापलीकडचे दोघे त्याच्यासारखेच म्हणून ढकलतात, त्यापलीकडचे पुन्हा खेचतात. २ − १ + २/३ − १/२ + २/५ … गणकयंत्रावर बेरीज कधी वर कधी खाली झुलत राहिली आणि बऱ्याच वेळाने १.३९ च्या आसपास स्थिरावली. एका जोडीला १ धरलं तर ओळीला १.३९. बुद्धिबळाच्या पटासारख्या सपाट थराला १.६२ आणि पूर्ण स्फटिकाला १.७५, हे शेवटचे दोन आकडे मी दिले, ती बेरीज हाताने करणं म्हणजे जिवाला त्रास. ४९३ गुणिले १.७५ म्हणजे ८६० च्या जवळ. प्रत्यक्षातली जालक ऊर्जा (सुट्या आयनांचा स्फटिक होताना बाहेर पडणारी) ७८७, कारण अगदी जवळ आल्यावर इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांना रेटतात आणि थोडी रक्कम तिथे कापली जाते.

तक्ता असा झाला, सगळं मोलमागे किलोज्यूलमध्ये:

खर्च: घन सोडिअमचे सुटे अणू करणे १०७; क्लोरीनचा रेणू तोडून एक अणू मिळवणे १२१; सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढणे ४९६. एकूण ७२४.

जमा: क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळणे ३४९, आयनांचा स्फटिक होणे ७८७. एकूण १,१३६.

शिल्लक ४१२. पुस्तकातला आकडा ४११. एकाचा फरक दशांश सोडल्यामुळे. चित्रकाराला तो एक खुपत होता, तिने कडेला बारीक अक्षरांत कारण लिहिलं.

तर सोडिअमला ‘आठ हवे असतात’ म्हणून काही होत नाही. देण्याघेण्याच्या पायरीवर तर तोटाच आहे. फायदा होतो तो गर्दी जमल्यावर.

२२ नोव्हेंबर

मग आठाचा नियम खोटा का? असं विचारणारच होती, विचारलं.

खोटा नाही, पण तो कारण नव्हे, खूण आहे. मॅग्नेशिअमचे आकडे फळ्यावर लिहिले: पहिला इलेक्ट्रॉन काढायला ७३८, दुसरा १,४५१, तिसरा ७,७३३. पहिले दोन बाहेरच्या कवचातले. तिसऱ्यासाठी आतल्या कवचात हात घालावा लागतो. तो केंद्रकाच्या जवळ, त्याला झाकणारे इलेक्ट्रॉन कमी. तेवढी रक्कम कुठल्याच स्फटिकाला फेडता येत नाही, म्हणून मॅग्नेशिअम दोनवर थांबतं. थांबतं तिथे बाहेर आठ दिसतात. सोडिअमचंही तसंच: पहिला ४९६ आणि दुसरा एकदम ४,५६२.

आणि ऑक्सिजन! त्याला पहिला इलेक्ट्रॉन मिळाला की १४१ बाहेर पडतात. दुसरा घालायला मात्र उलट ७४४ द्यावे लागतात, कारण आधीच ऋण झालेल्या आयनात आणखी एक ऋण कोंबायचा असतो. आठ पूर्ण होत असूनही दोन ऋणभारांचा ऑक्साइड आयन एकटा टिकत नाही. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये तो सुखात असतो, कारण तिथे भार दुप्पट-दुप्पट असल्याने आकर्षण सुमारे चौपट, जालक ऊर्जा ३,८०० च्या आसपास. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. मॅग्नेशिअम ऑक्साइडला २,८०० च्या वर जावं लागतं.

नियमाला न जुमानणारेही सांगितले. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच, नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण इलेक्ट्रॉनांची संख्याच विषम. आणि राजवायू कुणाशी बोलत नाहीत ही समजूत १९६२ साली नील बार्टलेटने झेनॉनचं संयुग बनवून मोडली.

२४ नोव्हेंबर

आयन सरकताना दाखवण्याचा प्रयोग. काचपट्टी, तिच्यावर नळाच्या पाण्याने ओली केलेली गाळणकागदाची पट्टी, दोन्ही टोकांना चिमटे, मधोमध पोटॅशिअम परमँगनेटचा एकच बारीक स्फटिक.

एका बॅटरीवर वीस मिनिटं थांबलो. नुसता जांभळा पसरट डाग, एका बाजूला किंचित झुकलेला. हे बघून कुणाचंच समाधान होणार नाही. कारागिराने पाण्याऐवजी मिठाचं दाट द्रावण वापरून पाहिलं: पट्टी तापली, वाळली, डाग होता तिथेच. जास्त मिठामुळे जवळजवळ सगळी वीज मिठाचे आयनच वाहून नेतात, जांभळ्याच्या वाट्याला काय उरणार!

२८ नोव्हेंबर

जमलं. तीन बॅटऱ्या ओळीने, २७ व्होल्ट, साधं नळाचं पाणी, पट्टी सहा सेंटिमीटर. पाच मिनिटांत स्फटिकाच्या धन टोकाकडच्या बाजूने जांभळी जीभ बाहेर आली. कड स्पष्ट, जरा दातेरी. दुसऱ्या बाजूला काही नाही. पंधरा मिनिटांत ती सेंटिमीटरभर पुढे गेली होती. मग चित्रकाराने हळूच बॅटरीची टोकं अदलाबदल केली. जीभ थबकली, तिची कड धूसर झाली आणि ती मागे फिरली. तिघंही पट्टीवर इतकी वाकली होती की सावलीत मला काही दिसेना.

जांभळा रंग परमँगनेट आयनाचा, तो ऋण, म्हणून धन टोकाकडे. पोटॅशिअम आयन उलट्या दिशेला जातोच आहे, पण त्याला रंग नाही. ‘आयन’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच ‘जाणारा’. १८३४ मध्ये मायकेल फॅरेडेने विल्यम ह्युएलच्या सल्ल्याने हे नाव घेतलं.

आता शंका: “आयन आधीपासून होते कशावरून? बॅटरीनेच केले असतील.”

मी थक्क झाले. फॅरेडेचीही समजूत साधारण हीच होती. पाण्यात विरघळताक्षणीच आयन सुटे होतात, विजेची वाट पाहत नाहीत, हे स्वान्ते आऱ्हेनिअसने १८८४ च्या प्रबंधात मांडायला सुरुवात केली. परीक्षकांनी त्याला अगदी खालची श्रेणी दिली. १९०३ साली त्याच विचाराला नोबेल मिळालं. पण नोबेल हा पुरावा नव्हे. पुरावा पुढच्या वेळी.

२ डिसेंबर

बॅटरी कपाटात, कुलूप लावून. (नाटक केलं थोडं.)

पाण्यात काही विरघळवलं की त्याचा गोठणांक खाली जातो, आणि किती खाली जातो हे कणांच्या संख्येवर ठरतं, ते कसले कण आहेत यावर फारसं नाही. १०० ग्रॅम पाण्यात ३४.२ ग्रॅम साखर, दुसऱ्या १०० ग्रॅममध्ये ५.८५ ग्रॅम मीठ. वजनं कमी-जास्त, पण मोल सारखेच, दोन्हीकडे ०.१. दोन्ही परीक्षानळ्या बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवून ढवळत राहिलो.

साखरेच्या पाण्यात बर्फाची पहिली सुई उणे २ च्या जरा पुढे. मिठाच्या पाण्यात उणे साडेतीनच्या आसपास. आमचा तापमापी अर्ध्या अंशाचा, त्याहून बारीक बोलायला नको. बरोबर दुप्पट येत नाही, कारण आयन एकमेकांना पूर्ण विसरत नाहीत आणि साखरेचं दाट द्रावणही आदर्श वागत नाही. पण साखरेचे कण जितके घातले तितकेच राहिले आणि मिठाचे जवळजवळ दुप्पट झाले, हे बॅटरीशिवाय दिसलं. शंकासुराने वहीत लिहिलं: ‘मान्य.’ एवढंच.

५ डिसेंबर

सहसंयुज बंधाला दिवस कमी उरले, माझीच चूक. तरी एक गोष्ट नीट करायची ठरवली: हायड्रोजनचे दोन अणू.

इथे कोणी कुणाला इलेक्ट्रॉन देत नाही, दोघंही सारखेच. ‘वाटून घेतात’ हा शब्द मला अर्धवट वाटतो, कारण का वाटून घ्यायचं ते त्यात नाही. दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत असलेल्या इलेक्ट्रॉनांना दोन्ही केंद्रकं एकाच वेळी खेचतात, म्हणून ती जागा ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडते. कारागिराने फळीवर खिळे ठोकून दोऱ्याने आलेख केला: उजवीकडे दूरचे अणू, दोरा सपाट. जवळ येताना दोरा खाली उतरतो, ७४ पिकोमीटरवर तळ गाठतो, तळाची खोली ४३६ किलोज्यूल. त्याहून जवळ ढकललं तर केंद्रकं एकमेकांना रेटतात आणि दोरा भिंतीसारखा उभा. चित्रकाराने दोऱ्यावर एक मणी ओवला. कुठूनही सोडा, तो तळाशी येऊन थांबतो. एका जोडीचे दोन इलेक्ट्रॉन म्हणजे एक बंध, ही कल्पना गिल्बर्ट लुईसची, १९१६.

या फळीने एक जुनी चूकही निस्तरली. ‘बंध तुटला की ऊर्जा मिळते’ असं तिघांनाही वाटत होतं. मण्याला तळातून वर न्यायला हात लावावा लागतो की नाही? बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते; मिळते ती नवा, खोल बंध तयार होताना.

मेण वितळवून दाखवायचं होतं तेवढंच राहिलं. वितळलेल्या मेणातही दिवा लागत नाही, कारण आत आयनच नाहीत; आणि साठ-सत्तर अंशांना वितळतं म्हणून त्यातले बंध कच्चे असं नव्हे. सुटतात ते रेणू एकमेकांपासून. थर्माकोलचे खड्डे पडलेले गोळे इथे कामी आले.

७ डिसेंबर

वितळलेलं आयनिक संयुग वीज वाहतं, हे दाखवायची खुमखुमी होती. मीठ ८०१ अंशाला वितळणार, ते आपल्या आवाक्यात नाही. स्फटिकजलासह (स्फटिकात बांधलेल्या पाण्यासह) असलेलं सोडिअम ॲसिटेट ५८ अंशाला पातळ होतं, दिवाही छान लागला. पण ते खरं वितळणं नव्हे, स्वतःच्याच स्फटिकजलात विरघळणं आहे. प्रदर्शनातून काढून टाकलं. टाळ्या मिळाल्या असत्या, पण उत्तर खोटं दिल्यासारखं झालं असतं.

९ डिसेंबर

शेवटचा तक्ता: आयनिक आणि सहसंयुज असे दोन कप्पे करायचे का? मी आधी हो म्हणाले, मग ॲसिटिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने घोळ घातला. दिवा लागला, पण मंद. ‘हो’ की ‘नाही’ या दोन्ही रकान्यांत बसेना. त्याचे थोडेच रेणू पाण्यात आयन होतात, बाकीचे अखंड राहतात.

तेव्हा कप्प्यांऐवजी एक लांब पट्टी केली. पॉलिंगच्या मापनश्रेणीवर विद्युतऋणतेतला (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचण्याच्या ताकदीतला) फरक: हायड्रोजन-हायड्रोजन ०, कार्बन-हायड्रोजन ०.३५, हायड्रोजन-क्लोरीन ०.९६, हायड्रोजन-ऑक्सिजन १.२४, सोडिअम-क्लोरीन २.२३. १.७ च्या पुढे आयनिक अशी रेघ बऱ्याच ठिकाणी मारलेली असते. पण हायड्रोजन-फ्लोरीनचा फरक १.७८ आणि हायड्रोजन फ्लुओराइड २० अंशांच्या आतच उकळतं, रेणूंचंच बनलेलं. रेघ मारली नाही. एका टोकाकडून दुसरीकडे रंग हळूहळू बदलत नेला.

१२ डिसेंबर

प्रदर्शन. सर्वांत जास्त गर्दी जांभळ्या पट्टीशी, सर्वांत कमी जमाखर्चापाशी. अपेक्षित होतं. एका लहान मुलाने स्फटिकाच्या प्रारूपावरची पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, “मग त्यात काय आहे?” शंकासुराने त्याच्या हातात भिंग आणि मिठाचे चार दाणे दिले आणि बोलायला लागली. मी बाजूला झाले.

परीक्षकांपैकी एकाने विचारलं की सोडिअम आनंदाने इलेक्ट्रॉन देतो हे चित्र का काढून टाकलं. चित्रकार म्हणाली, “काढलं नाही, मागे आहे,” आणि तक्ता उलटून दाखवला. सोडिअमचं तोंड अजून वाकडंच होतं.

१३ डिसेंबर

आवराआवर. तिन्ही बॅटऱ्या उतरल्या आहेत. कालच्या कागदी पट्ट्यांवरचा जांभळा रंग तपकिरी पडलाय, मँगनीज डायऑक्साइड. पुढच्या वेळी पट्टी दर तासाला बदलायची. प्रारूपाच्या दोन काड्या मोडल्या. कारागीर म्हणतो, तशाच राहू द्या, कोपऱ्यातला तो क्लोराइड काडीशिवायही टेकून बसलाय.